ऐन सिदरचा कोरडा हौद

ओमानच्या आतल्या डोंगरात ऐन सिदर नावाचं गाव आहे. ऐन म्हणजे झरा आणि सिदर म्हणजे आपली बोर. नाव ऐकून वाटेल, बोरीचं बन असेल. तसं काही नाही. एकच बोर आहे, तीही म्हातारी आणि वाकडी. बाकी जिकडं बघावं तिकडं खजूर. गावाच्या मधोमध मशीद आहे. मातीनं लिंपलेली, ना मिनार, ना नक्षी. इथल्या लोकांना देवाच्या दारात नखरा खपत नाही. मशिदीसमोर दगडी हौद आहे, दहा हात लांब, कमरेइतका खोल. त्याची एक भिंत फुटलेली आहे आणि आत पाण्याचा टिपूस नाही. हौदाला अगदी खेटून पाट खळखळत वाहतो, आणि हौद कोरडा ठणठणीत.

येणाऱ्या पाहुण्याला याचं नवल वाटतं. एवढा घडीव हौद, शेजारी वाहतं पाणी, चार घमेली चुना लावून भिंत बुजवायला काय होतं? असं विचारलं की रय्या हबूबा हसते. हबूबा म्हणजे आजी. गावातली सगळ्यात म्हातारी बाई ती. पाटाच्या कडेला बसून भांडी घासता घासता सांगते.

"चुना आहे गं," म्हणते, "हिंमत नाही कुणाला."

आणि मग जे सांगते ते असं.

फार जुनी गोष्ट. सुलतान नव्हते, सडका नव्हत्या, तेल तर कुणाच्या स्वप्नात नव्हतं. डोंगरातले हे लोक इबादी पंथाचे. त्यांच्या धर्माचं एक म्हणणं होतं आणि ते त्यांनी राज्यालाही लावलं होतं. राजा बापाच्या पोटी जन्मत नाही. राजा मुळी नकोच, इमाम हवा. इमाम म्हणजे नमाजेला पुढं उभा राहणारा आणि राज्यही तोच चालवणारा. तो जाणत्या लोकांनी बसून निवडायचा. कुळ बघायचं नाही, घोडे बघायचे नाहीत. अल्लाची भीती आणि पुस्तकाचं ज्ञान बघायचं. तो चुकला तर त्याला तोंडावर सांगायचं. त्यानं चूक कबूल करून तौबा केली तर ठीक, नाही केली तर ज्या हातांनी बसवला त्याच हातांनी उतरवायचा. बोलायला सोपं आहे हे. करून बघायचं म्हणजे काय, ते ऐन सिदरनं बघितलं.

तेव्हाचा इमाम म्हातारपणानं वारला. त्याचा मुलगा हमदान उंचापुरा, तलवारीला चलाख. वडिलांच्या मागं आपणच, असं धरून बसलेला. नवी पगडीही म्हणे त्यानं विणायला टाकली होती. गावचे जाणते त्या बोरीखाली बसले, तीन दिवस बसले. त्यांच्यात मोठा शेख खलफान, दोन्ही डोळ्यांनी आंधळा, पण अख्खं धर्मशास्त्र मुखोद्गत. चौथ्या दिवशी ते उठले आणि त्यांनी निवडला सुलैम.

सुलैम कोण? गावचा पाटकरी. तिकडं पाटाला फलज म्हणतात. डोंगराच्या पोटातून पाणी भुयारानं आणायचं आणि घरटी पाळीनं सोडायचं. मशिदीपुढं एक काठी रोवलेली असते, तिच्या सावलीच्या वाटेवर दगड मांडलेले असतात. सावली या दगडावरून त्या दगडावर गेली की एक अथर झाला, म्हणजे एकाची पाळी संपली. अकरा वर्षं सुलैमनं पाणी सोडलं होतं आणि अकरा वर्षांत कुणाचा एक बोटभर सावलीचा घोळ झाला नव्हता. पुस्तक तोंडपाठ होतंच. शेख खलफान म्हणाला, "ज्याला पाणी सारखं वाटता येतं त्याला न्याय वेगळा शिकवायला लागत नाही."

सुलैमनं दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा त्याच्या डोक्यावर पगडी ठेवलीच. त्यानं सगळ्यांच्या देखत शब्द दिला, "विचारल्यावाचून काही करणार नाही. चुकलो तर सांगा. ऐकलं नाही तर उतरवा."

हमदान पाय आपटत उठला. "पाटकऱ्याला गादी! उद्या गाढवाला मशीद द्याल." आणि समुद्राकाठच्या सरदाराकडं निघून गेला. जाता जाता एवढंच बोलला, की त्याचा पाय पहिल्यांदा घसरेल त्या दिवशी मी इथं असेन.

आता झुवैना. ही गोष्ट खरी तिची.

झुवैना विधवा बाई. पाटाच्या पार शेवटाला तिची चार खजुराची झाडं आणि एक शेळी. झावळीच्या टोपल्या विणायची, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, पण जीभ अशी की धार लावायला लागू नये. सुलैमची आई त्याला जन्म देऊन गेली तेव्हा झुवैनाच्या अंगावर तिची स्वतःची तान्ही मुलगी होती. तिनं दोघांना पाजलं. मुलगी पुढं तापात गेली, सुलैम राहिला. त्यांच्या धर्मात दुधाची आई म्हणजे आईच, त्यात कमीजास्त काही नाही. सुलैम तिला उम्मी म्हणायचा, माझी आई. इमाम झाला त्या दिवशी पगडीसकट तो आधी तिच्या दारात गेला होता.

तिनं वर-खाली बघितलं आणि म्हणाली, "बरी दिसते. शेळीला चारा घातला नाहीस आज."

"उम्मी, मी इमाम झालो."

"मग? इमामाची शेळी उपाशी राहते का?"

त्यानं पगडी खुंटीला लावली आणि चारा घातला. ती मात्र चुलीपाशी जाऊन डोळे पुसत बसली, धुराचं निमित्त करून. हे कुणी बघितलं नाही, पण सांगतात.

तर या लोकांचं असं, की न्यायी इमाम गावात असला तरच शुक्रवारची जुम्म्याची मोठी नमाज तिथं व्हायची. आधीच्या इमामाच्या म्हातारपणात बंद पडलेला जुम्मा सुलैम बसला आणि ऐन सिदरला पुन्हा सुरू झाला. आठ कोसांवरून माणसं यायला लागली. तीनशे माणूस. नमाजेआधी हातपाय तोंड धुवायचं, वुजू करायचा, तर पाटाच्या कडेला ही रेटारेटी. म्हातारे घसरून पडायचे. सुलैमनं म्हटलं, मशिदीपुढं हौद बांधू. स्वतः दगड फोडले, स्वतः चुना कालवला. तीन महिन्यांत हौद उभा राहिला. लोक येऊन भिंतीवरून हात फिरवायचे, असा गुळगुळीत.

हौद झाला. आता भरायचा कशानं? शुक्रवारी सकाळी उशिरा, दुपार व्हायच्या आत भरायला हवा. त्या वेळची पाळी कुणाची, तर शेवटच्या चार झाडांची. झुवैनाची.

आणि इथं सुलैम चुकला. अकरा वर्षांत एका बोटभर सावलीला न चुकलेला माणूस इथं चुकला. दुसऱ्या कुणाची पाळी असती तर तो दहादा जाऊन विचारून आला असता, जाणत्यांना गोळा केलं असतं. पण ती आईची होती. आईला काय विचारायचं? आईच्या घरची भाकर आपण विचारून खातो का? त्यानं नव्या पाटकऱ्याला सांगितलं, शुक्रवारची ती पाळी मी बघतो. एक दगड नि ओली चिंधी लावून पाटाचं तोंड हौदाकडं वळवलं. नमाजेनंतर उरलेलं चमचाभर पाणी खाली सोडून द्यायचा. त्याच्या मनात पाप नव्हतं. म्हणूनच ते त्याला दिसलं नाही.

झुवैनाची जमीन भेगाळली. तिला वाटलं उंदरांनी पाट पोखरला. भर उन्हात चिखल कालवून तिनं बिळं बुजवली. पाणी आलं नाही. वाटलं शेळीनं बांध तुडवला. शेळीला शिव्या दिल्या, बांध घातला. पाणी आलं नाही. चारांतल्या धाकट्या झाडाची फळं वाटाण्याएवढी असतानाच गळायला लागली. ते झाड तिच्या मुलीचं. मुलगी जन्मली त्या वर्षी नवऱ्यानं लावलेलं. तेव्हा मात्र तिनं काठी घेतली आणि एका शुक्रवारी पाटाच्या कडेकडेनं वर चालायला लागली. भुयाराच्या तोंडापर्यंत जायचं, पण कुठं पाणी मुरतंय ते शोधायचं.

फार वर जायला लागलंच नाही. मशिदीपाशी येऊन ती खजुराच्या बुंध्याआड थबकली. बाह्या वर करून पाटात उभा राहून दगड बसवत होता तिचा सुलैम. हलक्या आवाजात कुराणातली आयत म्हणत होता, आणि तिचं पाणी चकाकत हौदात पडत होतं.

कुंपणच शेत खात होतं. तेही हिनं स्वतःच्या दुधावर वाढवलेलं.

ती ओरडली नाही. पहिल्यांदाच तिची जीभ उचलली गेली नाही, असं रय्या हबूबा सांगते. घरी येऊन शेळीपाशी बसून राहिली. तिनं विचार केला, संध्याकाळी येईल तेव्हा कान धरते, चार शिव्या घालते, मिटलं. पण एक गोष्ट तिला टोचत राहिली. हे पाणी नुसतं झाडाला जात नव्हतं. तीनशे माणसं ते तोंडाला लावून देवापुढं उभी राहत होती. म्हणून ती आधी शेख खलफानकडं गेली.

म्हातारा उन्हात बसून पाय चोळत होता. तिनं ताकाला जाऊन भांडं लपवलं. "शेख, समजा एखाद्यानं दुसऱ्याच्या पाण्यानं वुजू केला, न विचारता. तर?"

"तर वुजू नाही. घेतलेल्या पाण्यानं माणूस ओला होतो, पाक होत नाही. वुजू नाही तर नमाज नाही."

"त्याला ठाऊकच नसलं तर?"

"ठाऊक नाही तोवर अल्ला बघून घेतो. कळल्यावर पाणी परत करायचं, ज्याचं आहे त्याची माफी मागायची."

"मग घरात बसून मागितली माफी, तर चालेल ना?"

शेखनं पाय चोळायचे थांबवले. "साधा माणूस असला तर चालेल. पुढं उभा राहणारा असला तर नाही. ज्यानं सगळ्यांच्या देखत चूक केली त्यानं सगळ्यांच्या देखत तौबा करायची. दार लावून केलेली इमामाची तौबा म्हणजे तौबा नव्हे, ती मांडवली."

"आणि नाही केली तर?"

"तर पगडी काढून घ्यायची. आम्हीच ठेवली आहे." मग आंधळे डोळे तिच्याकडं वळवून म्हणाला, "झुवैना, कुणाचं नाव घेऊन आलीस?"

"कुणाचं नाही. सहज विचारलं."

"सहज विचारणाऱ्या बाईचा श्वास असा वर-खाली होत नाही. मी नाव विचारत नाही. पण एक ध्यानात ठेव. आत्तापर्यंत तीनशे जणांना ठाऊक नव्हतं. आता तुला ठाऊक आहे. इथून पुढची प्रत्येक नमाज तुझ्या गप्प बसण्यावर टांगलेली आहे."

बाई घरी आली. त्याच आठवड्यात खबर आली की हमदान येतोय. समुद्राकाठची चाळीस हत्यारबंद माणसं घेऊन, येत्या जुम्म्याला, म्हणे नमाजेसाठी. नमाजेला चाळीस तलवारी कशाला लागतात ते गावातल्या पोराबाळांनाही कळत होतं. सुलैमचा पाय घसरतो का ते बघायला येत होता तो.

आता करायचं काय? बोलावं तर स्वतःच्या हातानं लेकाची पगडी हमदानच्या पायाशी टाकायची. लेक तर जाईलच, पण मागोमाग तलवारीचं राज्य येईल आणि बापामागून बेटा अशी गादी चालू होईल. न बोलावं तर एकेका शुक्रवारी तीनशे माणसांची नमाज फुकट, आणि ती आपल्या पदरात. हे सगळं तिला एकटीला उचलायचं होतं. तिनं कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर सगळ्यांनी सांगितलं असतं, बाई, हा एक शुक्रवार जाऊ दे. शहाणी माणसं नेहमी हेच सांगतात.

शुक्रवार उजाडला. ऊन डोक्यावर यायला आलं. माणसं जमली. मागच्या बाजूला हमदान आणि त्याची चाळीस माणसं, दाढ्या विंचरलेल्या, तलवारी कमरेला. हौद काठोकाठ भरलेला. बायका खालच्या अंगाला पाटापाशी. सुलैम पुढं झाला, बाह्या वर केल्या आणि ओंजळ पाण्यात घातली.

"हात काढ!"

एवढ्या मोठ्यानं ओरडली म्हणे, की बोरीवरची पाखरं उडाली. बायकांमधून काठी टेकत ती सरळ पुरुषांच्या गर्दीत घुसली. "हात काढ, सुलैम. ते पाणी माझं आहे."

सुलैमनं वळून बघितलं आणि हसला. आईकडं बघून हसतात तसाच. "उम्मी, तुझं आणि माझं वेगळं आहे का? तुझ्या दुधावर वाढलो मी."

"दूध मी दिलं होतं," झुवैना म्हणाली. "पाणी तू घेतलंस. दिलेलं आणि घेतलेलं एक नसतं, एवढं तुला पाजताना शिकवायचं राहिलं माझं."

सुलैमचं हसू जागच्या जागी वाळलं. तो हळू आवाजात शेखला म्हणाला, "शेख, जवळच्या माणसाची मुभा आहे असं धरून चालावं, हे पुस्तकात आहे ना?"

"आहे," शेख खलफान म्हणाला. "आणि त्याच्या पुढच्याच ओळीत आहे, मालकानं नाही म्हणेपर्यंत. आत्ता म्हणाली ती. सगळ्यांनी ऐकलं, मी आंधळा आहे, बहिरा नाही."

हमदान उठला. त्याला हेच हवं होतं. "ऐकलंत? हा तुमचा इमाम! विधवेच्या तोंडचं पाणी पळवणारा!" आणि झुवैनाकडं वळून गोड आवाजात म्हणाला, "आई, तू भिऊ नकोस. मी बसलो की पाटाची सगळ्यात पहिली पाळी तुझी. तीन अथर देतो तुला."

झुवैनानं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "कुणाच्या पाळीतले देतोस?"

हमदाननं नजर आपल्या माणसांकडं वळवली.

"यानं एकीचं घेतलं ते चुकून. तू तिघांचं घ्यायला निघालास ते बोलून दाखवून. आणि आई म्हणू नकोस मला. तुला पाजलं असतं तर आत्ता पश्चात्ताप झाला असता."

तीनशे माणसांत कुठंतरी कुणी फिस्सकन हसलं. हमदानचा हात तलवारीवर गेला. त्याची चाळीस माणसं उभी राहिली. इकडं गावकऱ्यांनीही खंजिरांना हात घातला. सगळं एका केसावर आलं होतं.

तेवढ्यात सुलैमनं ओंजळ उलटी केली. पाणी हौदात परत पडलं. त्यानं पगडी काढली आणि शेख खलफानच्या मांडीवर ठेवली. उघड्या डोक्यानं तो लोकांकडं तोंड करून उभा राहिला.

"मी घेतलं," तो म्हणाला. "सतरा शुक्रवार घेतलं. परक्याचं असतं तर विचारलं असतं. आईचं म्हणून विचारलं नाही. आणि मी इमाम म्हणून तुम्ही कुणी मला विचारलं नाहीत. माझी तौबा आहे. तुमच्यापुढं आहे. पगडी शेखपाशी आहे, ठेवायची की नाही ते तुम्ही बघा."

एवढं बोलून त्यानं कोपऱ्यातली पहार उचलली, जिनं त्यानं स्वतः दगड फोडले होते तीच, आणि हौदाच्या भिंतीवर घातली. एक घाव, दोन घाव, पाचव्याला भिंत फुटली. पाणी भसकन बाहेर पडलं आणि पाटातून खाली धावलं, शेवटच्या चार झाडांकडं.

नमाजेची वेळ होत आली होती. तीनशे तहानलेली, घामेजली माणसं, पायांपुढून थंड पाणी वाहतंय, आणि एकानंही त्यात बोट बुडवलं नाही. आत्ताची पाळी झुवैनाची. पाणी नसेल तर त्यांच्या धर्मात कोरड्या मातीनं वुजू चालतो. सुलैम खाली बसला, दोन्ही तळवे मातीवर आपटले, तोंडावरून फिरवले, हातांवरून फिरवले. मग शेखनं तसंच केलं. मग दुसऱ्यानं. मग रांगच्या रांग. तीनशे माणसांची तोंडं धुळीनं पांढरी झाली.

सुलैम तसाच धुळीच्या तोंडानं आईपुढं आला. "उम्मी, माफ केलंस?"

"पाणी पोचू दे आधी," ती म्हणाली, आणि चालू पडली.

खरंच गेली! पाण्याच्या बरोबरीनं, काठी टेकत, पाटाच्या कडेनं. मागं तीनशे माणसं उन्हात उभी, इमाम उघड्या डोक्यानं उभा, चाळीस तलवारवाले उभे. ती शेवटच्या झाडांपाशी पोचली. पाणी आलं. पहिल्या आळ्यात शिरलं, दुसऱ्यात, तिसऱ्यात. धाकट्या झाडाच्या भेगांत पाणी घुसलं तेव्हा आतून बुडबुडे आले, तान्ह्या मुलाच्या तोंडून यावेत तसे. ती त्या झाडाला टेकून बसली. किती वेळ बसली कुणास ठाऊक. कुणी म्हणतं पाव अथर, कुणी म्हणतं पुरता. तिला कुणी बोलवायला आलं नाही. तिथं बसून ती ढसाढसा रडली म्हणे, आणि मग तोंड पुसून परत आली.

येते तर काय, रांगा तशाच. फक्त मागच्या रांगा वाढलेल्या. हमदानच्या चाळीसांतल्या छत्तिसांनी तलवारी बोरीला टेकवून ठेवल्या होत्या आणि ते मातीनं तोंड पुसून रांगेत उभे होते. राज्यासाठी भांडणारे राजे त्यांनी पुष्कळ बघितले होते. आईच्या होकारासाठी उन्हात थांबलेला राज्यकर्ता त्यांनी पहिल्यांदाच बघितला होता. हमदान उरलेल्या चौघांसोबत बाजूला.

झुवैना त्याच्यापाशी थांबली. "उभा काय राहिलास? माती सगळ्यांना पुरते."

तो रांगेत गेला असं काहीजण सांगतात. काही सांगतात की तो त्याच पावली समुद्राकडं निघून गेला आणि परत दिसला नाही. रय्या हबूबाला विचारलं तर ती म्हणते, मला रांगेत गेलेला आवडतो, म्हणून मी तसं सांगते.

मग झुवैना लेकासमोर आली. त्याच्या कपाळावरची धूळ पदरानं पुसायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला. राहू दे म्हणाली, चांगली दिसते. शेखच्या मांडीवरची पगडी उचलली नाही तिनं, ते तिचं काम नव्हतं. शेखनंच लोकांना विचारलं, लोक हो म्हणाले, आणि पगडी परत सुलैमच्या डोक्यावर गेली. तिनं फक्त एवढंच म्हटलं, "माफ केलं. कर सुरू. ऊन फार आहे."

सुलैमनं पुढं एकोणीस वर्षं राज्य केलं. पण हौदाची फुटकी भिंत बुजवू दिली नाही आणि दर जुम्म्याला पाण्याला हात लावायच्या आधी बायकांकडं तोंड करून विचारायचा, "कुणाचं माझ्याकडं आलंय का?" झुवैना खालून ओरडायची, "नाही रे, धू." कधी कधी मुद्दाम उशिरा ओरडायची. तो थांबायचा.

झुवैना आधी गेली, आणि पुढचा जुम्मा यायच्या आत मागून सुलैम. त्यालाही मुलगा होता, गुणी होता, पण जाणत्यांनी पुन्हा बोरीखाली बसून दुसऱ्याच गावचा एक माणूस निवडला. सुलैमच्या मुलानंच म्हणे त्याला पाण्याचा तांब्या दिला. पहिल्या जुम्म्याला नवा इमाम पाटापाशी उभा राहिला आणि त्यानं रिवाजाप्रमाणं विचारलं, "कुणाचं माझ्याकडं आलंय का?"

उत्तर द्यायला कुणी नव्हतं. झुवैना नव्हती. लोक एकमेकांकडं बघायला लागले. तो बिचारा हात कोरडे धरून उभा. सावली सरकत चाललेली. पुढं जावं तर उत्तर नाही, मागं जावं तर नमाज जाते. तेवढ्यात खाली पाटाला बसलेली कुणी एक परगावची सून, जिला यातलं काही ठाऊक नव्हतं, कढई घासता घासता वैतागून म्हणाली, "नाही हो बाबा, धुवा एकदाचे. ऊन फार आहे."

तेव्हापासून उत्तर कुण्या एकीचं राहिलं नाही. पाटाला असेल तिचं झालं.

पुढं इमाम गेले, सुलतान आले. राज्य मस्कतला गेलं, तिथं वाडे झाले, फौज झाली. ऐन सिदरला नळ आले, घरोघरी टाक्या बसल्या. वुजूसाठी पाटावर अडून राहायची कुणाला गरज नाही. पण आजही हौदाची भिंत फुटकीच आहे, आणि आजही शुक्रवारी दुपारी गावचा शेख पायातली वहाण काढून पाटापाशी उभा राहतो, तोच प्रश्न विचारतो आणि थांबतो. मोठा माणूस आहे, मोटारी आहेत त्याच्या, मुलगा परदेशात शिकतो. बायका आपल्या घासत असतात. कुणी घाईनं मान वर करत नाही. तो कोरड्या हातांनी, भर उन्हात, एका भांडी घासणाऱ्या बाईच्या तोंडाकडं बघत उभा असतो, आणि ती कढईचा शेवटचा कोपरा नीट घासून होईपर्यंत बोलत नाही.